जाड तेलानं झाकलेला आवाज

लोक माझ्या गाडीला म्हातारी म्हणायचे आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. वय झालं होतं तिचं, खोटं कशाला बोलू? कुणा इंग्रज साहेबानं ती बोटीतून आणवली, जाताना एका जमीनदाराला दिली, आणि जमीनदाराची हौस फिटल्यावर ती माझ्याकडे आली. तेव्हा आमचा बुलढाणा नागपूरकडच्या राज्यात होता. मग तो मुंबईकडच्या राज्यात गेला आणि मग महाराष्ट्र झाला. राज्यं बदलली तसा नंबराचा पत्रा तेवढा मी बदलत गेलो. बाकी गाडी तीच, ड्रायव्हर तोच.

पूर्वी मलकापूरच्या स्टेशनावर उतरलेली माणसं मी घाट चढवून बुलढाण्याला आणत असे. पुढे सरकारी बसगाड्या सुरू झाल्या आणि माझ्या वाट्याला उरली ती लग्नं, आजारी माणसं आणि ज्यांची बस चुकली ते घाईचे लोक. त्यातल्या त्यात लग्नं बरी. नवरदेवाला बसमधून नेणं बरं दिसत नाही, त्यामुळे देऊळघाटपासून मोताळ्यापर्यंत कुणाकडे बार उडायचा असला की मला बोलावणं यायचं. झेंडूच्या माळा घातल्या की माझी म्हातारी पण नवरीसारखी दिसायची. हे मी म्हटलं तर चालतं, दुसऱ्यानं म्हणायचं नाही.

एका गोष्टीचा मला फार गर्व होता. इंजनात काय बिघडलंय ते मी आवाजावरून सांगत असे. वरची टिकटिक म्हणजे व्हॉल्व्ह ढिले. चढावर कणकण वाजलं म्हणजे पेट्रोल हलकं किंवा आग लवकर लागते. खालून, पोटातून जड खटखट आली की बेरिंग गेलं समजावं आणि गाडी आहे तिथं उभी करावी. दुसऱ्याची गाडी बाजारातून जाताना ऐकून मी चहा पिता पिता निकाल देत असे, आणि तो बहुधा बरोबर निघे. त्यामुळे लोक मला जरा वचकून असायचे. मला ते आवडायचं.

घरी मात्र मी एकटा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी, ती जळगाव जामोदला दिलेली, सातपुड्याच्या पायथ्याला. घरात एका माणसाचा स्वयंपाक म्हणजे काय, सकाळची भाकरी संध्याकाळी खायची आणि संध्याकाळची सकाळी. दिवसभर गाडीजवळ काही ना काही करत बसायचं, नाही तर गाडी पुसायची. लोकांना वाटायचं याला गाडीचं वेड आहे. वेडबिड काही नव्हतं, घरात जायला नको वाटायचं.

वर्षातून एकदा आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, यायची. आमच्याकडे आखाजीला लेकीला माहेरी आणतात. उन्हाळा ऐन भरात असतो, शेतं मोकळी असतात, झाडांना झोके बांधतात. मी दर आखाजीला स्वतः गाडी घेऊन जळगावला जायचो आणि मुलीला घेऊन यायचो. जळगावहून नांदुरा, नांदुऱ्याहून मोताळा, मग राजुरचा घाट आणि वर बुलढाणा. एवढा सगळा रस्ता ती बोलत असायची. सासरी सासूसासरे, दीर, जावा, भरलं घर. तिथं तिला कुणापुढे मन मोकळं करायची सोय नव्हती. माझ्या घरी आली की गल्लीतल्या बायका येऊन बसायच्या. त्यामुळे तिला बोलायला गाडीइतकी मोकळी जागा दुसरी नव्हती. म्हैस व्यायली इथपासून धाकट्या जावेनं लोणच्यात मीठ कमी टाकलं इथपर्यंत सगळं मला कळायचं. मी नुसता हूं हूं करायचो. पण त्या प्रवासावर मी पुढचं वर्ष काढायचो, हे खरं.

ज्या वर्षाचं मी सांगतोय त्याच्या आधीच्या आखाजीला मला ती जरा हळू बोलतेय असं वाटलं होतं. अर्धं ऐकू आलं, अर्धं नाही. सासरी राहून पोरगी दबक्या आवाजात बोलायला शिकली, असं मी मनाशी म्हटलं. जरा वाईटही वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात देऊळघाटचं एक वऱ्हाड घेऊन मी घाट उतरत होतो. मागं नवरदेवाचा चुलता बसलेला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, पुढं वाकला आणि कानाजवळ तोंड आणून म्हणाला, "भाऊ, इंजन खटखट करून राह्यलं."

मला राग आला. आयुष्यभर बैलं हाकलेला माणूस मला इंजनाचं सांगतो! मी म्हटलं, तुमच्या पायाखालचा पत्रा वाजत असेल, पाय नीट ठेवा. तो मागं टेकून बसला. पण मागची माणसं एकमेकांकडे बघताहेत हे मला समोरच्या आरशात दिसत होतं. मग मी तेलाच्या काट्याकडे पाहिलं. काटा नेहमीच्या जागेच्या बराच खाली होता. गाडीतला तो काटा इंजनात तेल किती जोरानं फिरतंय ते दाखवतो. बेरिंग झिजून फट वाढली की तेल तिथून निसटतं आणि काटा पडतो. काटा खोटं बोलत नाही. मला मात्र काहीच ऐकू येत नव्हतं.

वऱ्हाड पोचवून घरी आलो. दुपारची वेळ होती, गल्लीत कुणी नव्हतं. इंजन चालू ठेवून बाभळीच्या लाकडाचा हातभर दांडका घेतला. त्याचं एक टोक इंजनाला आणि दुसरं कानाला लावलं की आतली जागान् जागा ऐकू येते, हे प्रत्येक मिस्त्री करतो. मी चेंबरला, म्हणजे खालच्या तेलाच्या भांड्याला, टोक लावलं आणि दुसरं कानाला. काही नाही. दुसऱ्या कानाला लावलं. लांबून कुठून तरी काही हलल्यासारखं झालं, बस्स.

फौजेच्या ट्रकांवर काम केलेला एक जुना मिस्त्री मला आठवला. फार गोंगाट असला की तो दांडका दातांत धरायचा. मीही धरला. आणि माझ्या डोक्यात हातोडा बसायला लागला. खट, खट, खट. इतकं स्पष्ट की मी दचकून मागं झालो.

मी तसाच जमिनीवर बसलो. इंजनाचं बेरिंग गेलं होतं ते तर कळलंच. पण मला दुसरंही कळलं. हाडातून आवाज येत होता, कानातून येत नव्हता. शेजारचा कोंबडा हल्ली आरवत नाही म्हणून त्याला कापून खाल्ला असेल, असं मी धरून चाललो होतो. तो समोरच्या भिंतीवर उभा होता, मान वर करून, चोच उघडून. आणि मुलगी हळू बोलत नव्हती. त्या दुपारी मला जे एकटं वाटलं तसं बायको गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

काळजी कसली होती ते सरळ सांगतो. ड्रायव्हर बहिरा आहे हे एकदा पसरलं की माझ्या गाडीत कुणी नवरी बसवणार नव्हतं. ते गेलं तर जाऊ दे, पोटापुरतं काही ना काही केलं असतं. पण मुलीच्या सासऱ्याला कळलं असतं तर त्यानं सुनेला माझ्याबरोबर धाडलं नसतं. बसनं या, म्हणाला असता. आणि बसमध्ये दहा माणसांत ती काय बोलणार? आखाजीपर्यंत गाडी नीट व्हायला हवी होती आणि कानाचं कुणाला कळायला नको होतं. त्या हिवाळ्यात मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मलकापूरला जिनिंगमध्ये माझा एक दोस्त मिस्त्री होता. कपाशीची सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांचं मोठं इंजन तो सांभाळायचा. आमच्या भागात तेव्हा मोटारीचा डॉक्टर म्हणजे जिनातलाच मिस्त्री. दुसरा होता कोण? तो गाडी तपासायचा पण मोठ्या तोऱ्यात. इंजन चालू ठेवून त्यानं प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. ज्या प्लगची वायर काढावी त्या नळकांड्यात, म्हणजे सिलिंडरमध्ये, आग लागायची थांबते, तिथल्या बेरिंगवरचा भार उतरतो, आणि खराबी तिथली असली तर खटखट मऊ पडते. तिसरी वायर काढल्यावर त्यानं माझ्याकडे पाहून मान डोलावली. मीही डोलावली. मग चेंबरचा बोल्ट काढून तेल परातीत उतरवलं आणि उन्हात धरलं. काळ्या तेलात चांदीच्या वर्खासारखी चमक होती. बेरिंगचा पांढरा धातू झिजून तेलात आला होता.

मी म्हटलं, खोलू. तो म्हणाला, कशाला? आणि त्यानं जिनाच्या इंजनाचं तेल आणलं. जाड, काकवीसारखं. हे घाल, आवाज बंद होईल, असं त्याचं म्हणणं. घातलं, आणि खरोखर बंद झाला असावा, कारण जिनातले हमाल जवळ येऊन त्याला शाबासकी देऊ लागले. आमच्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्या गाड्या याच औषधावर चालत. चूक कुठं होती ते तेव्हा कुणाला कळत नव्हतं. जिनाचं इंजन एका जागी सिमेंटात गाडलेलं, संथ फिरणारं, त्याला वरून थेंब थेंब तेल सुटतं. मिस्त्रीच्या लेखी जगातली सगळी इंजनं त्याच जातीची.

मी घाट चढून परत आलो. खाली मलकापूरला हिवाळ्यातही दुपारी घाम येतो. वर बुलढाण्याला माघातल्या सकाळी हात खिशाबाहेर काढवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हँडल मारायला गेलो तर ते फिरेना. कसंबसं इंजन चालू केलं आणि काट्याकडे बघत राहिलो. काटा हलेचना. तेल इतकं घट्ट झालं होतं की पंप ते उचलत नव्हता. दांडका दातांत धरला. आत नुसती कोरडी आदळआपट चालली होती. शेजारी दात घासत उभा होता. तो जवळ येऊन काहीतरी बोलला. त्याच्या तोंडाच्या हालचालीवरून मला समजलं. गाडी छान गप्प झाली, असं तो म्हणत होता.

इंजन तिथंच बंद केलं. असा संताप आला मला! लोकांना खटखट ऐकू येत नव्हती एवढंच काय ते औषध झालं होतं. आत बेरिंग मरत होतं ते मरतच होतं. ऊन वर येईपर्यंत थांबलो, चेंबरखाली निखाऱ्यांची पाटी ठेवली, तेल सैल झाल्यावर ते काढून टाकलं. पातळ, तीस नंबरचं तेल घातलं आणि बैलगाडीच्या चालीनं घाट उतरून पुन्हा जिनात गेलो. वाटेत जो भेटे तो हात वर करून इंजनाकडे बोट दाखवायचा. वाजू दे, म्हटलं. वाजतंय तोवर कळतंय तरी.

मिस्त्री चिडला. त्याचं म्हणणं, आवाज गेला होता, मग तुला पाहिजे काय? मी त्याला म्हटलं, आवाज तुमच्यापुरता गेला, इंजनाचा गेला नाही. ऐकता ऐकता तो मध्येच थांबला, माझ्या मागं गेला आणि उभा राहिला. मी वाट बघत राहिलो. तो पुढं आला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. त्यानं माझ्या समोर तोंड आणून सावकाश विचारलं, "कवापासून आयकू येत नाही बे तुले?"

खोटं बोलायची ताकद नव्हती. मी त्याला सगळं सांगितलं, आखाजीचंही. त्यानं हत्यारं काढली. इंजन खोललं. तिसऱ्या नळकांड्याच्या बेरिंगचा धातू तडकून त्याचे तुकडे पडले होते. जिनाच्या मोठ्या बेरिंगांत धातू ओतायचं काम त्याच्या हातचं होतं. त्यानं नवा धातू वितळवून ओतला, आणि मग किती तरी दिवस कुठं टेकतंय ते दिसावं म्हणून निळा रंग लावून, बसवून, काढून, खरवडून त्यानं ते बेरिंग क्रँकवर असं बसवलं की केस जाईल एवढीच फट राहावी. जाड तेलाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. हिवाळ्यात तीस नंबरचं तेल आणि उन्हाळ्यात चाळीस, यापुढं जायचं नाही, असं आमचं ठरलं. गाडी सुरू झाली तेव्हा त्यानं दांडका स्वतःच माझ्या हातात दिला. दातांत धरून ऐकलं. सगळं एकसारखं, गोल फिरत होतं. मी हसलो असेन बहुतेक, कारण तोही हसला.

आखाजीला चाळीस नंबरचं तेल घालून मी जळगावला गेलो. सासऱ्याबरोबर चहा घेताना मी त्याच्या ओठांवर नजर ठेवून होतो आणि आवाज चढवून स्वतःच बोलत होतो, म्हणजे त्याला बोलायला फट मिळू नये. निभावलं. मुलगी गाडीत बसली. दरवर्षी ती मागं बसायची, त्या वर्षी मी तिला पुढं बसवलं. गाव सुटलं तसं तिनं तोंड उघडलं. मी रस्त्याकडे बघून हूं हूं करत होतो. मला इंजनाची थरथर पायात कळत होती, तिचं बोलणं मात्र काहीसुद्धा कळत नव्हतं. तरी बरं वाटत होतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिचे हात हलताना दिसत होते.

नांदुऱ्याच्या पुढं तिनं माझ्या दंडावर हात ठेवला आणि बाजूला दाखवलं. मागून बस आली होती, बहुतेक बराच वेळ हॉर्न देत असावी. मी गाडी कडेला घेतली. बस गेली. मी काहीच झालं नाही असं दाखवून पुन्हा रस्त्याला लागलो. पण तिचे हात हलायचे थांबले होते.

मोताळ्यापर्यंत ती बोलली नाही. मागून काही आलं की दंडाला हात लावायची, एवढंच. किती शहाणी पोर! मला लाजवलं नाही, विचारलं नाही, कपाळाला हात लावला नाही. पण ती गप्प बसली, आणि मला असं झालं की यापेक्षा तिनं ओरडून भांडण केलं असतं तर बरं. ज्याच्यासाठी मी हिवाळाभर जिनात बसलो होतो ते तिचं बोलणं गाडी चांगली असूनही गेलं होतं.

घाटाच्या पायथ्याशी इंजन थंड व्हायला गाडी उभी केली. रेडिएटरमध्ये पाणी घातलं. ती सावलीत उभी होती. मी तिच्याजवळ गेलो.

"तुले समजलं न?"

तिनं मान हलवली.

"मंग बोलणं काऊन सोडलं, माय? मले आयकू नाही आलं तरी चालते. तू बोलत राह्य."

 ती गाडीत जाऊन बसली.

घाट चढायला लागलो तेव्हा ती बोलू लागली. आधी थोडं, माझ्याकडे बघत, जरा हसत. मग समोर बघून. मग बघितलं तर तिचे हात हलत नव्हते, मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले होते, आणि ओठ मात्र थांबत नव्हते. लोणच्याचं बोलणं असं नसतं. मला वळणांवरून नजर काढता येत नव्हती. एका वळणावर गाडी हळू करावी लागली तेव्हा पाहिलं, तिचे गाल ओले होते, पदर तिनं उचललाही नव्हता, आणि ती बोलतच होती. मी गाडी थांबवली नाही. थांबवली असती तर ती गप्प झाली असती असं मला वाटलं. मी दरवर्षीसारखा हूं हूं करत राहिलो. वर पोचल्यावर तिनं तोंड पुसलं, केस नीट केले आणि बुलढाण्यात शिरताना ओळखीच्या बायकांना हात केला.

घरी ती हसतखेळत राहिली. झोक्यावर गेली, पुरणपोळी केली, मला शेजारी बसवून वाढलं. मी विचारलं नाही. विचारणार कसं? मला सांगायचं तर तिला ते माझ्या तोंडासमोर येऊन, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगावं लागलं असतं. जे तिनं इतकी वर्षं ऐकणाऱ्या बापाला सांगितलं नाही ते ती गल्लीत ओरडून सांगणार नव्हती, आणि तिनं सांगावं असं तिला म्हणायची माझीही छाती झाली नाही.

आखाजी झाली आणि रीतीप्रमाणे मी तिला जळगावला परत सोडायला निघालो. गाव मागं पडल्याबरोबर तिनं हात मांडीवर ठेवले, समोर बघितलं आणि बोलायला लागली.